गॅसच्या लाइनचा निरोप गावाला कोण देणार?

कोकणात गॅसच्या किंवा तेलाच्या पाइपलाइनचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात आणि दोघेही एकमेकांचं न ऐकता बोलत राहतात. कंपनीचा अधिकारी पडद्यावर नकाशा दाखवतो. लाइनलगत ऑप्टिकल फायबर आहे, दुरून देखरेख आणि नियंत्रण करणारी संगणकी यंत्रणा म्हणजे स्काडा आहे, चोवीस तास जागा असलेला नियंत्रण कक्ष आहे, नळीतला दाब क्षणाक्षणाला कळतो, तेव्हा काळजीचं कारण नाही, असं तो सांगतो. समोरून उत्तर येतं की तुमच्या यंत्रांवर आमचा विश्वास नाही, आमची कलमं जातील, आणि काही झालं तर तुम्ही इथे नसाल. एकाला समोरचा अडाणी वाटतो, दुसऱ्याला समोरचा लबाड. माझ्या मते दोघांनीही वाद भलत्याच जागी नेला आहे. यंत्रं बहुतेक चांगलीच असतात. त्यांना जे कळतं ते कोणाला सांगितलं जातं, आणि त्यांना जे कळत नाही ते कळवायची सोय कोणाकडे आहे, हे विचारायला हवं. आजची सगळी संपर्कव्यवस्था नळी आणि नियंत्रण कक्ष या दोघांतली आहे. नळी ज्या वाड्यांच्या अंगाखालून जाते त्या वाड्यांना तिच्यात जागा नाही. वीज आणि मोबाइल दोन्ही गेलेले असताना, भर पावसाळ्यात, गावातून कक्षाकडे आणि कक्षातून गावाकडे बोलता येईल अशी सोय असल्याशिवाय कोकणातल्या कोणत्याही लाइनला सुरक्षित म्हणू नये, आणि नियामकानं ती चालूही देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न उद्याच्या प्रकल्पांपुरता आहे असं समजण्याचं कारण नाही. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागलं आणि काही वर्षांत समुद्रतळावरून आलेल्या नळ्या उरणच्या किनाऱ्याला लागल्या. थळचा खतकारखाना आणि उसरचा प्रकल्प पाइपनं येणाऱ्या वायूवर उभे राहिले. उरणहून चाकणकडे घाट चढून एलपीजीची लाइन जाते. दाभोळहून एक लाइन पनवेलकडे जाते, आणि दुसरी सह्याद्री ओलांडून कोल्हापूर, बेळगावमार्गे थेट बेंगळुरूपर्यंत. ती २०१३ साली सुरू झाली. म्हणजे ‘लाइन हवी की नको’ या वादात जी माणसं मोजलीच जात नाहीत ती आधीच लाइनीवर राहतात. नाणार, बारसूच्या रिफायनरीच्या निमित्तानं एवढं बोललो, लिहिलं, मोर्चे काढले, त्यात या गावांचं नाव किती वेळा आलं?

कंपन्यांच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते कमी नाही. लाइनवर ठरावीक अंतरावर व्हॉल्व्ह स्टेशन असतं. तिथलं यंत्र दाब, तापमान, प्रवाह मोजतं आणि नळीबरोबरच एका चरात टाकलेल्या फायबरवरून शेकडो किलोमीटर दूरच्या कक्षाला कळवतं. कक्षातला माणूस तिथूनच व्हॉल्व्ह बंद करू शकतो. नव्या पद्धतीत तर ती फायबरच कानासारखी काम करते. लाइनीवर कोणी कुदळ मारली किंवा जेसीबी आणला तर जमिनीची थरथर तिच्यातून कळते. नळीच्या आतून ‘पिग’ नावाचं तपासणीचं यंत्र फिरवून पत्रा कुठे झिजला ते पाहतात, बाहेरून गंज रोखायला विजेचा हलका प्रवाह देतात. शिवाय लाइन नको म्हटलं म्हणून वायू वापरायचा थांबत नाही, तो रस्त्यावर येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून एलपीजीचा टँकर काजळी नदीत कोसळला, चालक गेला आणि महामार्ग अडकून पडला. हातखंब्यापासून महाडपर्यंत राहणाऱ्या कोणालाही विचारा, टँकर उलटल्याची बातमी त्याला नवी नसते. जमिनीखालची नळी टँकरपेक्षा सुरक्षित आहे, हे लाइनच्या विरोधकांनी मान्य करायलाच हवं.

पण दाब कळला म्हणजे गळती कळली असं होत नाही. पंप सुरू होताना, बंद होताना, मालाचं तापमान बदलताना दाब असाही वरखाली होत असतो. आत किती गेलं आणि बाहेर किती निघालं याचा हिशेब मांडून गळती ओळखणाऱ्या पद्धतीला प्रवाहाच्या एखाद्या टक्क्याहून लहान गळती सहसा पकडता येत नाही, आणि मोठ्या लाइनमध्ये एक टक्का म्हणजे दिवसभरात किती माल होतो याची कल्पना करा. मोठी फूट झाली आणि गजर वाजला, तरी तो काय सांगतो आहे हे शेवटी माणसाला ठरवावं लागतं.

२५ जुलै २०१० रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मार्शल गावाजवळ एनब्रिज कंपनीची तेलाची लाइन संध्याकाळी फुटली. नियंत्रण कक्ष कॅनडात, एडमंटनला. तिथे गजर वाजले. कक्षातल्या लोकांनी अर्थ लावला की नळीत पोकळी पडली आहे, आणि दाब वाढवायला पंप पुन्हा सुरू केले, एकदा नव्हे, दोनदा. सांडलेल्या तेलातलं बहुतेक तेल या दोन वेळांत सांडलं, असं पुढे चौकशीत निघालं. आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते पाहा. त्याच रात्री गावातल्या लोकांना उग्र वास आला आणि त्यांनी ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन केले. अग्निशमन दलाची माणसं आली, फिरली, त्यांना काही सापडलं नाही. आपल्या हद्दीतून तेलाची लाइन जाते हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. पुढे जो फोन करी त्याला सांगण्यात येई की आमची माणसं पाहून गेली आहेत. शेवटी दुसऱ्या दिवशी एका वेगळ्याच गॅस कंपनीच्या माणसानं एडमंटनला कळवलं की तुमचं तेल ओढ्यात आहे. फूट झाल्याला तोवर सतरा तास होऊन गेले होते. कक्षाजवळ आकडे होते, गावाजवळ वास होता. दोन्ही एकत्र आले असते तर पहिल्या रात्रीच काम थांबलं असतं. त्या सतरा तासांत यंत्र बिघडलं नव्हतं. गाव आणि कक्ष यांच्यामध्ये तार नव्हती, एवढंच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोला वस्तीखालची गॅसची लाइन फुटली. आठ माणसं मेली, अडतीस घरं खाक झाली, आणि वायू बंद व्हायला पंचाण्णव मिनिटं लागली. विमानतळ जवळ असल्यानं लोकांना आधी वाटलं विमानच पडलं. खुद्द अग्निशमन दलाला त्या वस्तीखाली एवढी मोठी लाइन आहे याची माहिती नव्हती. आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या नगरममध्ये २७ जून २०१४ च्या पहाटे ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या लाइनमधून गळलेल्या वायूनं पेट घेतला आणि वीसहून अधिक माणसं जळून मेली. कोरड्या वायूसाठी असलेल्या नळीतून ओलसर वायू गेल्यानं ती आतून गंजली होती, असं निदान झालं. हे निदान तज्ज्ञांनी नंतर केलं. वास येत असल्याच्या तक्रारी आपण आधीच केल्या होत्या, असं गावकरी सांगत राहिले. त्या तक्रारी कोणत्या वहीत लिहिल्या गेल्या, आणि ती वही दाब पाहणाऱ्या माणसापुढे कधी उघडली गेली का?

आणखी मागे जायचं तर ४ जून १९८९ ची सोव्हिएत रशियातली उफाजवळची दुर्घटना आहे. द्रवरूप केलेल्या वायूची लाइन गळत होती, दाब उतरला, आणि कारण शोधण्याऐवजी पंपांचा जोर वाढवला गेला. हा वायू हवेपेक्षा जड, तो सखल भागात साठत राहिला. समोरासमोरून दोन प्रवासी गाड्या त्या ढगात शिरल्या आणि पाचशे पंचाहत्तर माणसं गेली. खोरी, घळी, पऱ्ये आणि त्यांच्या काठानं धावणारी रेल्वे हे वर्णन कोकणातल्या माणसाला परकं वाटेल का? नैसर्गिक वायू हलका असतो, वर निघून जातो. एलपीजी जड, तो वहाळात उतरतो. पहिल्यात एक खबरदारी, दुसऱ्यात दुसरी. आपल्या शेतातून यातलं काय जातं हे माहीत असणारे शेतकरी किती सापडतील? लांब पल्ल्याच्या लाइनमधल्या नैसर्गिक वायूला घरच्या सिलिंडरसारखा वास बहुधा नसतोच. मग गळती ओळखायची कशानं? फुसफुस आवाजानं, जमिनीतून उडणाऱ्या मातीनं, हिरव्यागार सड्यावर एकाच पट्ट्यात पिवळ्या पडलेल्या गवतानं, लावणी झालेल्या कुणग्यात सतत येणाऱ्या बुडबुड्यांनी. हे सगळं रोज शेतात जाणाऱ्या बाईला सर्वांत आधी दिसणार आहे. तिला ते ओळखायला कोणी शिकवलं नसेल आणि दिसल्यावर फोन कुठे लावायचा हे ठाऊक नसेल, तर लाइनवरचा सर्वांत जवळचा पहारेकरी आपण फुकट घालवला.

यावर कंपन्यांचे आणि अधिकाऱ्यांचे आक्षेप असतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. एक असा की लाइनची जास्त माहिती वाटली तर चोर आणि घातपाती यांचंच फावतं. तेलाच्या लाइनला भोक पाडून चोरी होते हे खरं आहे. पण लाइन कुठून जाते हे गुपित कधी होतं? १९६२ च्या कायद्यानं कंपनी जमिनीचा वापरहक्क घेते, जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद होते, शेतात फलक उभे राहतात. चोराला जे हवं ते फलकच सांगतो. गावाला जे लागतं ते मात्र फलकावर नसतं : आत काय आहे, काय दिसलं तर घाबरायचं, पळायचं कुठल्या अंगाला.

दुसरा आक्षेप घबराटीचा. गावाला थेट इशारा द्यायला लागलो तर खोट्या गजरानं लोक सैरावैरा पळतील, दोनदा फसवणूक झाली की तिसऱ्यांदा कोणी हलणार नाही. यात तथ्य आहे. म्हणूनच प्रत्येक गजर गावात वाजवा असं मी म्हणत नाही. पण इशारा न दिल्यानं घबराट थांबते हे गृहीतक मला पटत नाही. ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या प्रकल्पात आग लागून चार जण गेले. अशा वेळी धूर तर गावाला दिसतोच, मग अधिकृत शब्द येईपर्यंतची पोकळी व्हॉट्सअ‍ॅप भरून काढतं. घाबरवायचं की नाही हा पर्याय आपल्या हातात उरलेलाच नसतो. खरं कोण सांगणार एवढंच आपण ठरवू शकतो.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. नियंत्रणाचं जाळं जितकं उघडं, तितकं ते फोडायला सोपं. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनवर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला आणि पूर्व किनाऱ्याचा मोठा इंधनपुरवठा काही दिवस बंद पडला. सुरुवात एका जुन्या खात्याच्या पासवर्डपासून झाली होती. पण ही घटना बारकाईनं पाहिली तर तिचा रोख वेगळाच दिसतो. हल्ला कार्यालयीन संगणकांवर झाला होता. तो कुठवर पसरला याची खात्री नसल्यानं कंपनीनं स्वतःच लाइन थांबवली. म्हणजे शिकायचं ते एवढं की जाळी वेगळी ठेवा. गावाचा फोन स्काडाला जोडा असं कोणी म्हणत नाही, सरपंचाच्या हाती व्हॉल्व्ह द्या असंही नाही. बोलण्याची तार वेगळी, आज्ञेची तार वेगळी. एक माणूस बोलतो, दुसरा ऐकतो, यात घुसखोरी करून नळी कोण फोडणार?

खर्चाचं कारण पुढे केलं जातं तेव्हा मला राग येतो. गेलनं आपल्या लाइनींलगतच्या फायबरची क्षमता वर्षानुवर्षं दूरसंचार कंपन्यांना भाड्यानं दिली. जी फायबर विकण्याइतकी शिल्लक असते तिच्यावर ज्या गावच्या जमिनीत ती पुरली त्या गावासाठी एक फोन चालवायला परवडत नाही, हे कसं मानायचं? कोकणात आजही माणसं रेंजसाठी घाटीवर, नाहीतर देवळाच्या मागच्या कातळावर जाऊन उभी राहतात, आणि त्यांच्या पायाखालून बेंगळुरूपर्यंतचं संभाषण वाहत असतं.

कोकणचा पावसाळा मध्ये आणल्याशिवाय मात्र ही चर्चा पुरी होत नाही, आणि नेमका तोच सादरीकरणांत नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं आत शिरलं. खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, आणि त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. तिथे मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. सरकारनं २०२३ मध्ये मोबाइलवर मोठ्या आवाजात चाचणीचे इशारे पाठवले ते आठवत असतील. पद्धत चांगली आहे, पण मनोरा जिवंत असेल तरच. आणि फायबरचं म्हणाल तर ती नळीच्याच चरात आहे. जी दरड नळी ओढून नेईल ती फायबरही नेईल. जो जेसीबी नळीला लागेल तो बहुधा आधी फायबर तोडेल. अपघाताच्या क्षणीच जिची गरज आहे ती तार अपघाताबरोबरच जाते. म्हणून दुसरी वाट हवीच. व्हॉल्व्ह स्टेशनला उपग्रहाची जोडणी असावी, आणि लाइनीवरच्या गावांना व्हीएचएफ म्हणजे बिनतारी संच द्यावेत. डोंगराआड व्हीएचएफ पोहोचत नाही, त्यामुळे सड्यावर, टेकडीवर संदेश पुढे पाठवणारे रिपीटर लागतील, त्यांना सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या लागतील. हे अवघड नाही. हर्णै, मिरकरवाड्याच्या मच्छीमारांना असा संच हाताळायला कोणी शिकवावं लागत नाही.

हे कोकणात होऊ शकतं का, असं विचारणाऱ्यांना मी कोकण रेल्वेकडे बोट दाखवतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्या जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. त्यानंतर त्या मार्गावर सिग्नल आणि यंत्रणा तर सुधारल्याच, पण जाळ्या बसल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी झाला, आणि मुख्य म्हणजे माणूस रुळावर आणला गेला. पावसाळाभर गस्तीवाले चालतात, डोंगर कापून रूळ नेलेत तिथल्या धोक्याच्या कापांवर पहारा असतो, आणि साधारण दर किलोमीटरला तातडीच्या संपर्काची सॉकेट आहेत. गस्तीवाल्यानं तिथे फोन जोडला की तो स्टेशनमास्तरशी बोलतो. मोबाइलची रेंज असो वा नसो. त्याच डोंगरांतून, त्याच पावसात, सातशेहून अधिक किलोमीटरची ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालली आहे. लाइनवरही ‘लाइन वॉकर’ असतात, त्यातले बरेच स्थानिक मुलगे असतात, हे मला माहीत आहे. पण ते दिवसा चालतात, त्यांची चाल कंपनीला दिसावी म्हणून त्यांच्याकडे जीपीएस असतं, आणि त्यांचा फोन त्याच मोबाइलच्या मनोऱ्यावर चालतो. रुळाला दर किलोमीटरला जे देता आलं ते नळीला दर वाडीला का देता येऊ नये?

आता विरोधकांशी दोन शब्द. त्यांचं म्हणणं असतं की अशा सोयी मागणं म्हणजे प्रकल्प मान्य करणं. आधी फोन घेतला की उद्या सांगतील, तुम्ही तर सहमत होता. ही भीती निराधार नाही. कोकणानं संमतीचे असे अर्थ लावलेले पाहिले आहेत, एन्रॉनच्या वीजप्रकल्पाच्या काळापासून. पण जी लाइन वीस वर्षांपूर्वी गाडली गेली तिच्याबद्दल आज मौन बाळगून कोणाचा कोणता हक्क राखला जातो? नव्या लाइनला विरोध करा, जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदल्यावर खुशाल भांडा, तो फार तुटपुंजा आहे असं माझंही मत आहे. पण जुन्या लाइनीवरच्या म्हातारीला रात्री फोन कुठे करायचा हे ठाऊक नसणं हे आपल्या आंदोलनाचं भांडवल असू शकत नाही.

म्हातारीचा उल्लेख सहज केलेला नाही. आमच्या वाड्यांत वर्षातले बरेच महिने निम्म्या घरांना कुलूप असतं, उरलेल्यांत सत्तरीच्या पुढची माणसं, आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो विरारला किंवा डोंबिवलीला. कंपनीच्या यादीत खातेदाराचा नंबर असतो. इशारा मुंबईत वाजेल. गणपतीत आणि शिमग्यात उलट, गाव भरून वाहतं आणि त्यांतल्या निम्म्यांना लाइन कुठून जाते ते माहीत नसतं. तेव्हा यादी खातेदारांची नको, वाडीत खरोखर राहणाऱ्यांची हवी, दर सहा महिन्यांनी ताजी केलेली, आणि तिच्यात पोलीस पाटलाइतकंच आशाताईचं आणि अंगणवाडीच्या बाईंचं नाव हवं. भोंगा देवळावर असो की मशिदीवर, त्याला बॅटरी हवी. घरच्या सिलिंडरची गळती कळवायला देशभर १९०६ हा एक क्रमांक आहे. लाइनसाठी मात्र ज्या कंपनीची लाइन तिच्या फलकावरचा क्रमांक शोधायचा. एकाच गावातून दोन कंपन्यांच्या लाइनी जात असतील तर वास कुणाचा हे गावकऱ्यानं ओळखायचं का? तालुक्यासाठी एक क्रमांक असावा आणि तो उचलणाऱ्यासमोर सगळ्या लाइनींचा नकाशा असावा.

नियम नाहीत असं नाही. २००६ च्या कायद्यानं पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आलं, २०१० मध्ये त्यानं आपत्कालीन प्रतिसादाचे नियम केले, आराखडे आणि सराव बंधनकारक झाले. जिल्हा प्रशासनाला बरोबर घेऊन सराव होतातही. माझी मागणी त्या सरावाच्या वेळेबद्दल आणि सुरुवातीबद्दल आहे. एक सराव आषाढातल्या रात्री घ्या, वीज बंद ठेवून, मोबाइल नाही असं धरून, आणि त्याची सुरुवात नियंत्रण कक्षातून न करता लाइनीवरच्या एखाद्या शेवटच्या वाडीतून करा. वाडीतल्या बाईनं पहिला निरोप दिला तिथपासून कक्षानं व्हॉल्व्ह बंद करायचा निर्णय घेईपर्यंत किती मिनिटं गेली, आणि तिथपासून शेजारच्या वाडीत भोंगा वाजेपर्यंत किती गेली, हे दोन आकडे मोजा. मग कंपनीच्या अधिकाऱ्यानं ते पुढच्या ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवावेत, आणि ते इतिवृत्तात लिहिले जावेत.